बदलला म्हणते, पण घेऊन नाही राहिलं: धारणी शाखेतल्या पासवर्डचं प्रकरण

संस्था परतवाड्याची. नाव सांगायची गरज नाही. शाळा, कनिष्ठ महाविद्यालयं, वसतिगृहं असा पसारा. शाखा धारणी, चिखलदरा, अंजनगाव सुर्जी आणि चांदूर बाजारला. मुख्याध्यापकापासून बारावीच्या पोरापर्यंत प्रत्येकाला एक युजरनेम आणि एक पासवर्ड. लॅबमधल्या लिनक्स मशीनला तोच, वायफायला तोच, हजेरी-गुणांच्या पोर्टललाही तोच. ही सगळी खाती ओपनएलडॅप या सॉफ्टवेअरच्या डिरेक्टरीत, म्हणजे सगळ्यांच्या खात्यांच्या एका सामायिक नोंदवहीत. मुख्य सर्व्हर परतवाड्याच्या कार्यालयात, आणि काही लिहायचं तर ते फक्त तिथेच. प्रत्येक शाखेत त्याची एक रेप्लिका, म्हणजे प्रत, ती केवळ वाचण्यापुरती. मुख्य सर्व्हरवर काही बदललं की सिंकरेपल ही यंत्रणा तो बदल शाखांपर्यंत नेते; यालाच रेप्लिकेशन म्हणायचं.

शाखेत वेगळा सर्व्हर कशाला, असं ज्याला वाटतं त्यानं एकदा परतवाड्याहून धारणीला रस्त्यानं जावं. घाट, सेमाडोह, जंगल, हरिसाल, पुन्हा जंगल. हेच हरिसाल २०१६ मध्ये ‘डिजिटल गाव’ म्हणून गाजलं होतं. पण केबल जेसीबीच्या दातात आली की गाव डिजिटल असो वा नसो, दुपार गेली समजायची. लिंक नसतानाही पोरांचं प्रॅक्टिकल व्हावं म्हणून शाखेत रेप्लिका ठेवली, आणि तो निर्णय मला आजही बरोबरच वाटतो. फक्त एक गोष्ट कुणी नीट मनावर घेतली नव्हती. लॉगिन हे वाचणं आहे, पासवर्ड बदलणं हे लिहिणं आहे, आणि या मांडणीत दोघांचे रस्ते वेगळे आहेत.

तक्रारी जूनच्या शेवटी एकदम उसळल्या. बाकी महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला उघडतात; आपल्याकडे उन्हामुळे महिनाअखेर उजाडते. संस्थेच्या धोरणात पासवर्डची मुदत होती ७७,७६,००० सेकंद, म्हणजे ९० दिवस. बहुतेकांनी मार्चमध्ये, परीक्षेच्या धामधुमीत पासवर्ड बदललेला. मे-जून सुटी. शाळेची घंटा वाजली त्या सकाळी अर्ध्याहून जास्त स्टाफचे पासवर्ड मुदतबाह्य, आणि सगळे एकदमच बदलायला बसले. जो दोष सुटीत आत शिरला होता तो एका सकाळीत सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आला.

मला बोलावलं तोवर मुख्यालयात एक हुकमी इलाज चालू झाला होता: रीसेट. शाखेतून फोन आला की आस्थापनेतले लिपिक खातं उघडणार, ठरलेला एक पासवर्ड टाकणार, ‘आता बघा’ म्हणणार. कधी व्हायचं, कधी नाही व्हायचं, कधी दुसऱ्या दिवशी आपोआप व्हायचं. काही जणांचं रीसेट एकाच आठवड्यात कितीदा तरी झालेलं. त्या लिपिकांचा दोष नाही, त्यांच्या हातात तेवढंच बटण होतं. पण या प्रकरणात माझं एक मत ठाम आहे: तक्रार काय आहे ते कळायच्या आधी रीसेट करणं म्हणजे पंचनाम्याआधी जागा धुऊन काढणं. रीसेट केलं की पासवर्ड शेवटचा कधी बदलला ती नोंद नवी होते, चुकलेल्या प्रयत्नांच्या नोंदी पुसल्या जातात, खात्याला कुलूप लागलेलं असेल तर त्याची खूणही जाते. ज्या तीन गोष्टींवरून दोष ओळखू येतो त्या तिन्ही एका फटक्यात गायब. म्हणून पहिलं काम केलं ते रीसेट बंद करायला लावायचं. मुख्यालयात त्यावर जरा कुरकुर झाली. तितके दिवस लोकांनी काम कसं करायचं? पोर्टलच्या कामापुरती शाखेत एक-दोन तात्पुरती खाती काढून दिली, आणि कुरकुर थांबली.

मग प्रत्येक फोनवर तेच दोन प्रश्न: जुना पासवर्ड चालतो का, आणि कुठे चालतो. ‘पासवर्ड चालत नाही’ ही तक्रार ऐकायला एकच वाटते, पण तिच्या पोटात निदान तीन वेगळे आजार असतात. जुना सगळीकडे चालतो, अगदी मुख्यालयातही, आणि नवा कुठेच नाही, तर बदल मुळात लिहिलाच गेलेला नाही. नवा मुख्यालयात चालतो पण शाखेत जुनाच चालतो, तर लिहिला गेला, पण खाली पोचला नाही. शाखेत नवाही नाही अन् जुनाही नाही, मुख्यालयात मात्र नवा बिनतक्रार चालतो, तर बहुधा शाखेच्या प्रतीवर खातं कुलूपबंद आहे किंवा मुदतीनंतरची सवलतीची लॉगिनं संपली आहेत. मला त्या आठवड्यात तिन्ही प्रकार मिळाले, आणि पंचाईत अशी की तिन्ही एकट्या धारणीत.

धारणीच्या लॅबमध्ये जो सहायक आहे त्याचा फोन या प्रकरणातला सगळ्यात कामाचा ठरला.

“सर, मोठ्या मॅडमचा पासवर्ड बदलला म्हणते, पण घेऊन नाही राहिलं. जुनाच घेऊन राहिलं.”

“एकाच मशीनवर की सगळ्या?”

“सगळ्याच मशीनीवर. अन् आस्थापनेवाल्या भाऊंनी ज्याइचं रीसेट केलं, त्याइचंबी तसंच. मागच्या हप्त्यात बराबर झालं होतं मंग, आता पुन्हा तेच.”

“मागच्या हप्त्यात काय केलं होतं?”

“काहीच नाही केलं बाप्पा. दिवसभर लाइन नव्हती, यूपीएसबी बसला. सांजच्याला लाइन आली अन् सगळे पासवर्ड चालू झाले.”

वीज गेल्यामुळे दुरुस्त होणारी यंत्रणा मी याआधी पाहिली नव्हती. पण वीज गेल्यावर काय होतं? यूपीएस संपतो, सर्व्हर बंद पडतो, लाइन आली की नव्यानं सुरू होतो. म्हणजे सर्व्हर नव्यानं सुरू झाल्यावर जे घडत होतं ते चालू असताना घडत नव्हतं. संशय सरळ रेप्लिकेशनवर गेला.

तपासायला फार काही लागत नाही. एकच खातं दोन्ही सर्व्हरवर एलडॅपसर्च या आज्ञेनं मागवायचं, आणि आतल्या कामकाजी नोंदी, ज्या साध्या शोधात दिसत नाहीत, त्या मुद्दाम मागायच्या. पासवर्डचा हॅश, म्हणजे त्याचं साठवलेलं सांकेतिक रूप, पाहायची गरजच नाही. मी बघतो ते पीडब्ल्यूडीचेंज्डटाइम, म्हणजे पासवर्ड शेवटचा कधी बदलला, आणि एंट्रीसीएसएन, म्हणजे या नोंदीवर शेवटचा बदल कधी झाला. त्यानंतर डिरेक्टरीच्या मुळाशी असलेला कॉन्टेक्स्टसीएसएन: त्या सर्व्हरपर्यंत पोचलेला शेवटचा बदल कोणता, ते यावरून कळतं. ही भलीमोठी आकड्यांची माळ असते, पण पहिले १४ अंक वाचता आले की पुरे: वर्ष ४, मग महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद प्रत्येकी २. ही वेळ भारतीय नसते, जागतिक प्रमाणवेळ असते. मुख्यालयातल्या लिपिकांना ती दाखवली तेव्हा ते म्हणाले, सकाळी सव्वापाचला कोण पासवर्ड बदलते? त्यात साडेपाच तास मिळवले की पावणेअकरा होतात, आणि पावणेअकराला त्यांनीच रीसेट केलं होतं.

मुख्यालयातला कॉन्टेक्स्टसीएसएन त्या दिवशी सकाळचा होता. धारणीतला तीन दिवसांपूर्वीच्या दुपारचा. मधल्या काळातलं एकही रीसेट, एकही बदल खाली उतरलेला नव्हता. आणि धारणीच्या लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या रोजनिशीत, त्याच दिवशी संध्याकाळी एक ओळ होती: ‘डू_सिंकरेपल’, आरसी वजा एक, आणि शेवटी ‘क्विटिंग’. हात टेकले, असा त्याचा अर्थ. त्यानंतर रेप्लिकेशनबद्दल लॉगमध्ये एक अक्षर नाही.

कॉन्फिगरेशन उघडलं तर पुन्हा प्रयत्न करायचा नियम असा लिहिलेला: ६० १० ३०० ३. दर ६० सेकंदांनी १० वेळा प्रयत्न कर, मग दर ३०० सेकंदांनी ३ वेळा, आणि मग सोडून दे. १० मिनिटं अधिक १५ मिनिटं, एकूण २५. हे आकडे कुणी विचार करून ठरवलेले नव्हते. ओपनएलडॅपच्या मॅन्युअलमध्ये उदाहरणादाखल दिलेले आहेत, तेच जसेच्या तसे उतरवलेले. पुण्या-मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये २५ मिनिटं लिंक गेली तर बोंब होईल. मेळघाटात २५ मिनिटं म्हणजे काहीच नाही.

पण मग प्रत्येक वेळी लिंक गेली की रेप्लिकेशन मरायला हवं होतं, आणि तसं होत नव्हतं. लॅब सहायकाच्या म्हणण्याप्रमाणे एकदा दोन तास लिंक नव्हती आणि काही बिघडलं नाही. एकदा तासभर गेली आणि सगळं अडलं. इथे थोडं खोलात जावं लागलं, आणि मला हाच भाग सगळ्यात आवडला.

ही रेप्लिकेशनची जोडणी एकदा लागली की लागलेलीच राहते. रेप्लिका कानात प्राण आणून बसते. मुख्य सर्व्हर बोलला की ऐकते, स्वतःहून काही बोलत नाही. मध्येच केबल तुटली तर तिला कळायचं कसं? पलीकडे शांतता आहे, आणि शांतता तर एरवीही असते. जोडणी जिवंत आहे का हे लिनक्स अधूनमधून टिचकी मारून बघतो, पण त्याची मूळ ठेवण अशी: ७,२०० सेकंद काहीच हालचाल नसेल तर पहिली टिचकी, उत्तर नाही आलं तर ७५ सेकंदांच्या अंतरानं एकूण ९ टिचक्या. म्हणजे तुटल्याचं लक्षात यायला कमीत कमी ११ मिनिटं आणि जास्तीत जास्त २ तास ११ मिनिटं. किती लागतील ते केबल कोणत्या क्षणी तुटली त्यावर. त्यानंतर २५ मिनिटांचे प्रयत्न. हिशेब केला तर पाऊण तासाच्या आतबाहेर लिंक गेली तरी रेप्लिकेशन मरू शकतं, आणि अडीच तास जाऊनही वाचू शकतं. ‘कधी होते, कधी नाही होत’ असं शाखेतले लोक म्हणत होते तेव्हा त्यांना कुणी गांभीर्यानं घेतलं नव्हतं. ते अगदी नेमकं बोलत होते.

आणि एकदा हात टेकले की स्लॅपडी, म्हणजे ओपनएलडॅपचा सर्व्हर-प्रोग्राम, नव्यानं सुरू होईपर्यंत रेप्लिका तशीच बसून. लाइन जाऊन यूपीएस बसला की ती सुरू व्हायची, वरून राहिलेलं सगळं एका दमात ओढून घ्यायची, आणि ‘सांजच्याला सगळे पासवर्ड चालू’. त्या आठवड्यात धारणीत वीज नीट होती, हेच दुर्दैव.

एवढं सापडल्यावर काम संपलं असं वाटणं साहजिक होतं. रेप्लिकेशन चालू करून दिलं, दोन्हीकडचे कॉन्टेक्स्टसीएसएन जुळले. पण मोठ्या मॅडमचा नवा पासवर्ड तरीही चालेना. त्यांची नोंद पाहिली तर मुख्यालयातही पीडब्ल्यूडीचेंज्डटाइम मार्चचाच. त्यांनी जूनमध्ये पासवर्ड बदलला होता, स्क्रीनवर ‘पासवर्ड यशस्वीरीत्या बदलला’ असा हिरवा पट्टा त्यांनी स्वतः पाहिला होता, आणि जगातल्या कुठल्याही सर्व्हरवर तो बदल नव्हता.

पासवर्ड बदलायचं एक वेबपान आहे, पीएचपीत लिहिलेलं. पूर्वी ते फक्त मुख्यालयात होतं. उन्हाळ्यात कुणाला तरी सुचलं की लिंक नसतानाही पान उघडलं पाहिजे, म्हणून त्याची प्रत प्रत्येक शाखेत ठेवली आणि डिरेक्टरीचा पत्ता बदलून ‘लोकलहोस्ट’ केला. म्हणजे शाखेतलं पान शाखेतल्या रेप्लिकेशी बोलू लागलं. रेप्लिकेला लिहिता येत नाही. तिला लिहायला सांगितलं तर ती निकाल क्रमांक १० देते, रेफरल: हे काम माझं नाही, अमुक सर्व्हरकडे जा. हे उत्तर चूक नाही, नियमाप्रमाणेच आहे. पुढचं सगळं ते उत्तर ऐकणाऱ्यावर.

ऐकणारी लायब्ररी (पान ज्या तयार कोडमार्फत डिरेक्टरीशी बोलतं ती) रेफरल मिळाल्यावर आपणहून दुसऱ्या सर्व्हरकडे जाते, पण जाताना ओळखपत्र घेऊन जात नाही. मूळ ठेवणीत ती अनामिक म्हणून जाते. मुख्यालयातला सर्व्हर अनामिकाला लिहू देत नाही. त्याच्या लॉगमध्ये धारणीच्या पत्त्यावरून आलेल्या अशा विनंत्यांची रांग होती, प्रत्येकीपुढे निकाल क्रमांक ८, बदल करायचा तर आधी ओळख पटवा. वेबपानाच्या कोडमध्ये मात्र एवढंच तपासलेलं: जुन्या पासवर्डानं बाइंड, म्हणजे डिरेक्टरीत लॉगिन, झालं का? झालं. मग हिरवा पट्टा. बदलाच्या उत्तराकडे पाहणारी ओळच नव्हती. मुख्यालयात हे कधी उघडं पडलं नाही, कारण तिथे पान लिहिता येणाऱ्या सर्व्हरशीच बोलायचं.

तर वरून खाली येत नव्हतं आणि खालून वर जात नव्हतं, आणि दोन्ही दोष एकमेकांना झाकत होते. त्यात रीसेटनं भर घातली होती. दुसऱ्यानं रीसेट केलेला पासवर्ड मालकानं लगेच बदललाच पाहिजे, असं धोरण. त्यासाठी रीसेट झालं की नोंदीवर पीडब्ल्यूडीरीसेट अशी खूण लागते, आणि ती असेपर्यंत पासवर्ड बदलण्याशिवाय त्या खात्याला दुसरं काही करता येत नाही. शाखेतला माणूस रीसेटच्या पासवर्डानं आत येणार, यंत्र म्हणणार आधी पासवर्ड बदल, तो पान उघडून बदलणार, हिरवा पट्टा येणार, आणि खूण जिथल्या तिथे. पुन्हा लॉगिन, पुन्हा तेच. शेवटी मुख्यालयाला फोन, मुख्यालय पुन्हा रीसेट. एका शिपायानं या फेऱ्याला कंटाळून हजेरी वहीत सही करायला सुरुवात केली, आणि माझ्या मते त्या आठवड्यात शाखेतला सगळ्यात शहाणा माणूस तोच.

तिसरा प्रकार वायफायचा. ज्यांचा पासवर्ड मुख्यालयाच्या पोर्टलवरून खरोखर बदलला होता त्यांच्या फोनमध्ये जुनाच साठवलेला. रेप्लिकेनं नवा पासवर्ड घेतला रे घेतला की फोन खिशातल्या खिशात जुना पाठवत राहणार. ५ चुकीच्या प्रयत्नांनंतर कुलूप, असं धोरण. हे प्रयत्न रेप्लिकेवर होतात, त्यांची मोजदाद रेप्लिकेवरच होते, कुलूपही तिथल्याच प्रतीवर लागतं. मुख्यालयात पाहिलं तर खातं स्वच्छ. ‘इथं तर काहीच नाही दिसून राहिलं’ हे मुख्यालयाचं म्हणणं खरं, ‘चालतच नाही’ हे शाखेचं म्हणणंही खरं. आणि कुलपाची मुदत ० ठेवलेली होती. शून्याचा अर्थ ‘कुलूप नाही’ असा नाही. प्रशासकानं उघडेपर्यंत कायम, असा आहे. पासवर्ड वरून बदलून तो बदल खाली पोचला तरच शाखेतलं कुलूप निघायचं. रीसेटची चटक लागली ती यातूनच, कारण या एका आजारावर रीसेट खरंच औषध होतं.

बाकीच्या शक्यता झटपट तपासून बाजूला सारल्या. रेप्लिकेशन ज्या खात्यानं चालतं त्याला युजरपासवर्ड वाचायचा हक्क आहे का, हे नव्या शाखेत आधी पाहावं. नसेल तर माणसं येतात आणि पासवर्ड येत नाहीत. इथे हक्क होता. धारणीच्या सर्व्हरच्या मदरबोर्डवरचा सेल संपत आलेला निघाला, लाइन जाऊन आली की घड्याळ मागे जायचं. तो बदलला, पण या तक्रारींशी त्याचा संबंध नव्हता. ग्रंथालयातल्या एका मशीनवर मात्र जुना पासवर्ड सगळं दुरुस्त झाल्यावरही चालत राहिला. त्याची नेटवर्क केबल निघालेली होती. एसएसएसडी, म्हणजे मशीनवर लॉगिन तपासणारा प्रोग्राम, सर्व्हरपर्यंत पोचू शकला नाही की आपल्याकडे साठवलेल्या शेवटच्या यशस्वी पासवर्डावर आत सोडतो, आणि तसं सोडावं असं आपणच त्याला सांगितलेलं असतं. केबल लावली, विषय संपला.

दुरुस्तीत वेळ गेला तो काय करायचं नाही हे ठरवण्यात. एक सुचवणी अशी होती की रेप्लिकेनं रेफरल न देता स्वतःच ती विनंती मुख्यालयाकडे न्यावी. ओपनएलडॅपमध्ये त्यासाठी चेन नावाची सोय आहे. तांत्रिकदृष्ट्या देखणी. पण त्यासाठी रेप्लिकेजवळ असं खातं द्यावं लागतं की जे कुणाच्याही वतीनं बोलू शकेल. धारणीचा सर्व्हर लॅबच्या कोपऱ्यातल्या कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली खिडकीच्या खिळ्याला लटकते. तिथे असं खातं ठेवायला मी तयार नव्हतो. दुसरी सुचवणी, सगळेच सर्व्हर लिहिण्याजोगे करा. मग एकाच खात्यावर दोन ठिकाणी बदल झाले तर ज्याची वेळ नंतरची तो जिंकतो, म्हणजे सगळा भरवसा घड्याळांवर. सेल संपलेल्या मदरबोर्डाची गोष्ट ताजी असताना त्यावर फार चर्चा झाली नाही.

केलं ते साधं. शाखांमधल्या पानाचा पत्ता सरळ मुख्य सर्व्हरचा, एन्क्रिप्टेड जोडणीनं. बदलाचं उत्तर शून्य आलं तरच हिरवा पट्टा. लिंक नसेल तर पान मराठीत सांगतं: मुख्यालयाशी संपर्क नाही, पासवर्ड बदललेला नाही, जुनाच वापरा. लिंक नसताना पासवर्ड बदलता येणार नाही, हे संस्थेनं मान्य केलं, आणि माझ्या दृष्टीनं तेच खरं काम होतं. लॅबच्या मशीनवर एसएसएसडीला ‘एलडॅप_सीएचपास_यूआरआय’मध्ये मुख्य सर्व्हरचा पत्ता दिला, त्यामुळे लॉगिन शाखेतून आणि पासवर्ड-बदल मुख्यालयातून. पुन्हा प्रयत्न करायच्या नियमात शेवटच्या ३ च्या जागी अधिकचं चिन्ह: दर ५ मिनिटांनी, कायम. टिचकीची वेळ २४० सेकंदांवर आणली, ३० सेकंदांच्या अंतरानं ५ टिचक्या, म्हणजे तुटलेली जोडणी साडेसहा मिनिटांत लक्षात येते. कुलपाची मुदत ९०० सेकंद. पाव तासानं आपोआप उघडतं, तेवढ्या वेळात माणसानं फोनमधला जुना पासवर्ड काढायचा. कुलपाच्या नोंदी मुख्यालयात पाठवायचीही सोय आहे, ती मुद्दाम घेतली नाही: धारणीतल्या एका व्रात्य पोरानं मुख्याध्यापकांच्या नावानं पाच वेळा काहीबाही टाकलं तर त्यांचं खातं परतवाड्यातही बंद पडावं, हे काही बरं नाही.

राहता राहिली देखरेख. दोन्हीकडचे कॉन्टेक्स्टसीएसएन ताडून पाहणारी छोटी स्क्रिप्ट कुणीही लिहितो, पण ती एका ठिकाणी फसते. मुख्यालयात काहीच बदललं नाही तर मेलेल्या रेप्लिकेचा आकडाही जुळतोच. मे-जूनच्या सुटीत नेमकं हेच झालं असणार. रेप्लिकेशन कुठल्या तरी दुपारी थांबलं, आणि बदलच नसल्यामुळे दोन्ही प्रती तंतोतंत सारख्या दिसत राहिल्या. म्हणून मुख्य सर्व्हरवर एक बिनकामाची नोंद केली आणि दर तासाला तिचं वर्णन बदलायला लावलं. आता सुटीतही तासाला एक बदल होतोच, आणि तो दीड तासात शाखेत दिसला नाही तर लॅब सहायकाच्या फोनवर संदेश जातो.

या तासाभराच्या नोंदीनं अंजनगाव सुर्जीचा दोष लगेच बाहेर काढला. तिथे अजून जुनीच टिचकीची वेळ होती. लिंक उत्तम, वीज बरी, तरी दुपारी बदल दोन-दोन तास उशिरा पोचत होते. मधला फायरवॉल बराच वेळ शांत असलेली जोडणी न सांगता टाकून द्यायचा, आणि रेप्लिकेला ते दोन तासांनीच उमगायचं. तेच २४०, ५ आणि ३० तिथेही टाकले. तेव्हापासून उशीर नाही.

मुदतीबद्दल मी संस्थेला सांगून पाहिलं. ठरावीक काळानं पासवर्ड बदलायला लावू नका, असं अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेनं २०१७ च्या मार्गदर्शिकेतच म्हटलं आहे. सक्ती केली की लोक जुन्यालाच १ जोडतात. व्यवस्थापनाचं म्हणणं पडलं की लेखापरीक्षणात मुदत विचारतात. तडजोड अशी झाली की मुदत १८० दिवस, आणि शाखांच्या तारखा मागेपुढे, पण कुठल्याच शाखेची मे-जूनमध्ये संपणार नाही अशा बेतानं. मुख्यालयात रीसेटचं बटण अजून आहे, मात्र ते दाबण्याआधी आता स्क्रीनवर त्या खात्याच्या दोन्ही सर्व्हरवरच्या वेळा शेजारी शेजारी येतात, साडेपाच तास मिळवून.